भैरू आणि न पडणारा गिअर

बोरजाई गावात भैरू नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती भोळा? त्याला कुणी सांगितलं, "भैरू, दाराकडं बघ," की तो दाराकडं बघत बसे. चोर आत शिरला तरी दाराकडंच बघे. चोराकडं बघ असं कुणी म्हटलेलं नसे ना!

भैरू गोदाक्काकडं कामाला होता. गोदाक्काचा मसाल्याचा धंदा होता. मिरच्या कांडायच्या, कांदा-लसूण चटणी करायची आणि बाजाराच्या दिवशी नेऊन विकायची. घरात तिचा भाचा होता, जालिंदर. त्याचे आईबाप तो लहान असतानाच गेले. अक्कानंच त्याला वाढवला. चांगलाच वाढवला. जालिंदर तालमीत जायचा. सकाळी जोर, संध्याकाळी बैठका आणि मधल्या वेळेत जेवण. तो खाटेवर बसला की खाट बोलायची.

अक्काकडं माल न्यायला एक जुनी व्हॅन होती. कुण्या साहेबानं हौसेनं परदेशातून आणवलेली. साहेबाची हौस फिटली, तेव्हा अक्कानं ती घेतली. तिला क्लच नव्हता. दांडा एकदा 'डी'वर ठेवला की पुढचे गिअर आपोआप पडायचे. साहेबाकडं असताना पडायचे. अक्काकडं आल्यापासून ते पडेनासे झाले.

एकदा भैरू गाडी चालवत होता आणि अक्का शेजारी बसली होती. गाडी नुसती गुरगुरत होती, पळत नव्हती. मागून एक बैलगाडी आली आणि पुढं गेली. बैलगाडीखालून चालणारं कुत्रंही पुढं गेलं.

अक्का म्हणाली, "भैरू, दुसरा गिअर पडंना वाटतं. बघ जरा."

भैरूनं गाडी थांबवली. उतरून गाडीखाली बघितलं. मग मागं चालत चालत ओढ्यापर्यंत जाऊन आला.

"न्हाय पडला, अक्का. सगळा रस्ता बघितला. पडला असता तर घावला असता."

"आरं, पडंना हेच तर मी म्हणतेय! पडाय पायजे!"

"पडाय पायजे?"

"पायजे!"

भैरूला नवल वाटलं. चांगल्या गाडीतली वस्तू पडावी असं कुणाला वाटतं का? पण मालकीणच म्हणतेय म्हटल्यावर पडू दे. त्यानं मिरच्यांचं रिकामं पोतं घेतलं आणि तोंड उघडं ठेवून गाडीच्या पोटाला बांधलं. पडला तर धुळीत तरी पडू नये.

तशीच गाडी घेऊन दोघं गुलाबमिस्त्रीकडं गेली. मिस्त्रीचा हात चांगला होता, पण डोकं लवकर तापायचं. त्यानं गाडीखाली डोकं घातलं आणि पोतं बाहेर ओढलं. पोत्यात दगड होते, शेण होतं आणि कुणाची तरी एक चप्पल होती.

"हे काय रं?"

"गिअर झेलाय बांधलंय. चप्पल आपली न्हाय."

मिस्त्रीनं डोळे मिटले. मग उघडले.

"गिअर असा खाली पडत न्हाय, भैरू. आतल्या आत पडतो. बारीकसा झटका बसतो. झटका बसला की समजायचं, गिअर पडला. मग आनंद मानायचा. कळलं?"

"कळलं. झटका बसला की आनंद मानायचा."

भैरूनं हे पक्कं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अक्का मिरच्या कांडायच्या मशीनपाशी गेली. मशीनची वायर कुठंतरी सोललेली होती. अक्काचा हात लागला आणि ती किंचाळली, "आई गं! झटका बसला!"

भैरू अंगणातून पळत आला. "बसला? अक्का, खरंच बसला?"

"बसला रं! मेले मी!"

भैरूला आनंद झाला. तो आत पळाला, साखरेचा डबा घेऊन आला आणि त्यानं मूठभर साखर अक्काच्या तोंडात घातली. मग शेजारी साखर वाटून आला. "आमच्या अक्काला झटका बसला, तोंड गोड करा," असं घरोघर सांगून आला. हात लागला त्याच क्षणी वीजच गेली होती म्हणून अक्का वाचली. तिचे केस ताठ उभे होते आणि तोंडात साखर होती, त्यामुळं तिला बराच वेळ बोलता येईना. साखर विरघळल्यावर ती बोलली.

"मुडद्या! झटका बसला की आधी बटन बंद करायचं! मग लाकडानं माणसाला बाजूला ढकलायचं! हात लावायचा न्हाय, हात लावला की आपण बी चिकटतो! शिरलं का टकुऱ्यात?"

"शिरलं. आधी बटन बंद, मग लाकडानं ढकलायचं. हात लावायचा न्हाय."

भैरूनं हे पक्कं ध्यानात ठेवलं. एक लाकडी दांडकंही त्यानं गाडीत आणून ठेवलं.

पुढच्या बाजारी अक्का आणि भैरू गाडीतून निघाले. मिस्त्रीनं काहीतरी पिळलं होतं, त्यामुळं गाडी बरी चालली होती. बाजारात भाजीवाल्यांच्या मधून जाताना मात्र तिनं आचका दिला. अक्काचं डोकं समोरच्या काचेला लागता लागता राहिलं.

"केवढा झटका बसला गं बाई!" अक्का म्हणाली.

भैरूनं ताबडतोब किल्ली फिरवून गाडी बंद केली. अक्काच्या बाजूचं दार उघडलं. दांडकं घेतलं आणि अक्काला बाहेर ढकललं. अक्का टमाट्याच्या ढिगात बसली. चांगली खोलवर बसली.

भैरू खिडकीतून डोकावला. "अक्का, वाचलीस! आणि हात बिलकूल लावला न्हाय!"

टमाटेवाली आणि अक्का दोघी मिळून भैरूला काय काय म्हणाल्या ते इथं सांगत नाही. लहान मुलं ऐकत असतील.

अक्का तशीच लालेलाल होऊन मिस्त्रीकडं गेली. मिस्त्रीनं आधी तिला पाणी दिलं, मग भैरूला समोर बसवलं.

"हा झटका येगळा. विजेचा न्हवं, गाडीचा. असा जोरात झटका बसला की गिअरबॉक्सचं तेल बघायचं. इंजिन चालू ठेव. हितली ही दांडी काढ, पूस, परत घाल, परत काढ आणि बघ. तेल लाल पायजे. काळं पडलं असंल आणि जळका वास येत असंल, तर ते कामातून गेलं. काय पायजे?"

"लाल पायजे."

"शाब्बास."

भैरूनं हे पक्कं ध्यानात ठेवलं. घरी येऊन त्यानं इंजिन चालू केलं. दांडी काढली, पुसली, घातली, परत काढली. तेल डांबरासारखं काळं होतं. वासही जळका होता. लाल पायजे. आता गोदाक्काच्या घरात एक वेळ पाणी संपेल, पण लाल रंगाला काय तोटा? भैरूनं चटणीचा डबा आणला, नळीत नरसाळं ठेवलं आणि झणझणीत, वर्षभराची, सुक्या खोबऱ्याची चटणी गिअरबॉक्समध्ये ओतली. वरून चमच्यानं ठासली.

गाडीनं एक शिंक दिली. मग भैरूनं दिली. मग सगळ्या गल्लीनं दिली. वरच्या आळीतली म्हैस दावं तोडून पळाली.

गुलाबमिस्त्रीला घरी यावं लागलं. तोंडाला फडकं बांधून तो दिवसभर गाडीखाली पडून होता. शिंकायचा, शिव्या द्यायचा, परत शिंकायचा. गिअरबॉक्स धुतला, पुसला आणि नवं तेल भरलं. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे तेलापेक्षा लाल होते.

"भैरू, शेवटचं सांगतो. काळं तेल दिसलं की ओतून टाकायचं आणि लाल तेल भरायचं. तेलच! चटणी न्हाय! उरलेलं तेल ह्या डब्यात ठिवलंय."

"काळं ओतून टाकायचं, लाल भरायचं. चटणी न्हाय."

भैरूनं हे पक्कं ध्यानात ठेवलं.

आता झालं काय, त्याच आठवड्यात जालिंदरचं लग्न होतं. घाटापलीकडच्या माळेवाडीच्या हिंदुरावांची मुलगी वैजयंता त्याला सांगून आली होती. मुलगी काडीसारखी बारीक, पण तोंडानं खमकी. पाहायला गेले तेव्हा तिनं जालिंदरला विचारलं होतं, "रोज किती भाकरी खाता?" जालिंदर मोजायला लागला आणि त्याच वेळी ती त्याला फार आवडली. हिंदुराव मात्र करडा माणूस. मुहूर्तावर नवरदेव आला नाही, तर मांडव सोडून टाकीन, असं त्यांनी सुपारीच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी अक्कानं हाक मारली, "भैरू, माझी डोक्याच्या तेलाची बाटली आण रं. फडताळात हाय."

भैरूनं बाटली काढली. माक्याचं तेल होतं. काळंभोर. भैरूला मिस्त्रीचं बोलणं आठवलं. बरं झालं, वेळेवर दिसलं! त्यानं ते अंगणात फरशीवर ओतून टाकलं. डब्यातलं लाल तेल बाटलीत भरलं आणि बाटली पुसून अक्काच्या हातात दिली.

अक्का गप्पांच्या नादात होती. तिनं भरपूर तेल घेतलं आणि चांगलं जिरवून जिरवून लावलं. मग आरशात बघितलं.

"भैऱ्याऽऽ!"

अक्का झाडू घेऊन अंगणात धावली. अंगणात माक्याचं तेल होतं. अक्का दाराजवळून निघाली ती थेट तुळशीवृंदावनापाशीच थांबली. झाडू तिच्याही आधी पोचला.

हाडवैद्य आला. पाय चोळून, पट्ट्या बांधून म्हणाला, "पाय जमिनीला लावायचा न्हाय. लग्नाला जायचं नाव काढू नका." जाताना त्यानं अक्काच्या डोक्याकडं बघितलं. "मेंदी मात्र झ्याक बसलीय."

अक्काला रडू आलं. आईबापाविना वाढवलेल्या पोराचं लग्न आणि आपण खाटेवर! पण करते काय? तिनं ठरवलं, आपण घरी राहून नवरीचं स्वागत करायचं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड सकाळीच टेंपोनं पुढं गेलं. नवरदेवाला मानानं व्हॅनमधून न्यायचं ठरलं होतं. लग्नसराईत दुसरा ड्रायव्हर मिळेना. मुंडावळ्या बांधून, त्या सारख्या डोळ्यांवर येत असताना, जालिंदरला गाडी चालवता येईना. राहिला कोण? भैरू.

अक्कानं मिस्त्रीला बोलावून घेतलं. मिस्त्रीनं गाडी तपासली आणि भैरूचे दोन्ही खांदे धरले.

"नीट ऐक. गाडी म्हातारी हाय. घाटाच्या चढाला गिअर पडला न्हाय, तर घाबरायचं न्हाय. बोजा कमी करायचा. गाडी हलकी झाली की पडतो. आणि एकदा पडला की मुक्काम येईस्तोवर थांबायचं न्हाय. थांबलास की परत अडकंल."

"बोजा कमी करायचा. पडला की मुक्कामापर्यंत थांबायचं न्हाय."

अक्का खाटेवरून म्हणाली, "भैरू, माझी लाज तुझ्या हातात हाय रं. मुहूर्ताला गाडी मांडवात पोचली पायजे. न्हाय पोचली तर मला तोंड दाखवू नगंस."

"पोचवतो, अक्का. गाडी मांडवात पोचवतो."

भैरूनं हे तर फारच पक्कं ध्यानात ठेवलं.

गाडीत मागं जालिंदर, त्याच्या शेजारी त्याचे मामा आणि मामांच्या मांडीवर कपड्यांची ट्रंक. मामाही अंगानं भरलेले. म्हसोबाच्या देवळापर्यंत रस्ता सपाट होता. गाडी छान गेली. देवळापासून घाट सुरू झाला आणि गाडी गुरगुरायला लागली. गिअर पडेना.

भैरू घाबरला नाही. त्यानं गाडी देवळापाशी मागं घेतली आणि ट्रंक खाली ठेवली. परत चढाला गाडी घातली. गिअर पडेना. परत मागं.

"मामा, जरा उतरता का?"

"ढकलायचीय व्हय?" म्हणून मामा उतरले. गिअर पडेना. परत मागं.

"जालूदादा, तुमी बी जरा उतरा."

जालिंदर शेरवानी सावरत उतरला. गाडी हुश्श करून वर उठली. भैरूनं ती चढाला घातली आणि काय सांगावं! बारीकसा झटका बसला आणि गिअर पडला. गाडी हरणासारखी पळायला लागली.

"पडलाऽऽ!" भैरू ओरडला.

"आरं, थांब! मी राहिलो!" जालिंदर मागून ओरडला. मुंडावळ्या डोळ्यांवर, पायातले चढाव काढून हातात, तो पहिल्या वळणापर्यंत धावला.

भैरूनं आरशात बघितलं. वाईट वाटलं त्याला. पण मुक्काम आल्याशिवाय थांबायचं नव्हतं.

माळेवाडीत मांडवाच्या दारात बँडवाले तयार होते. गाडी दिसली तसा त्यांनी बँड सुरू केला. सुवासिनी तांब्या आणि आरती घेऊन पुढं झाल्या. हिंदुरावांनी फेटा नीट केला आणि स्वतः गाडीचं दार उघडलं.

आत कुणी नव्हतं.

हिंदुरावांनी दुसरं दार उघडलं. तिकडूनही आत कुणी नव्हतं. बँड हळूहळू थांबला. पिपाणीवाला सगळ्यात शेवटी थांबला.

"नवरदेव कुठाय?"

"देवळापाशी," भैरू म्हणाला. "बोजा होता, उतरवला."

"मग तू काय घेऊन आलास?"

"गाडी!" भैरूनं अभिमानानं टपावर थाप मारली. "मुहूर्ताच्या आत मांडवात! अक्काला सांगा."

हिंदुरावांच्या मिशा थरथरल्या. मुहूर्ताला अजून थोडा वेळ होता. "चल, दाखव मला कुठं हाय त्यो," म्हणून ते गाडीत बसले. मुहूर्त सांभाळायला म्हणून भटजींनाही त्यांनी हाताला धरून आत घेतलं. भटजी मांडवाचं जेवण जेवून जेवून गोल झालेले. गाडी घाटाला लागली आणि माथ्याजवळ परत गुरगुरायला लागली.

"हिंदुरावअण्णा, जरा उतरता? भटजीबुवा, तुमी बी."

"कशाला?"

"गिअर पडतोय का बघतो."

बिचारे उतरले. गिअर पडला. गाडी गेली. घाटमाथ्यावर हिंदुराव आणि भटजी एकमेकांकडं बघत उभे राहिले. भटजींच्या हातात पंचांग होतं, पण त्यात यावर काही नव्हतं.

भैरू घाट उतरून देवळापाशी आला. ट्रंकेवर बसलेला जालिंदर ताडकन उठला. "आला! मामा, भैरू आला!" दोघंही रस्त्यात हात पसरून उभे राहिले.

पण गिअर पडलेला होता. आणि देऊळ काही मुक्काम नव्हता. भैरूनं दोघांना वळसा घातला, देवळाला वळसा घातला आणि गाडी परत घाटाला लावली.

"आरं, थांब की!" जालिंदर ओरडला.

"थांबता येत न्हाय, दादा! गिअर पडलाय!" भैरूनं खिडकीतून हात हलवला. "तुमी बसा निवांत!"

घाटमाथ्यावर हिंदुराव आणि भटजी दिसले. त्यांनाही त्यानं हात हलवला. हिंदुरावांनी चप्पल फेकून मारली. ती गाडीत येऊन पडली. भैरूला वाटलं, अण्णांना तेवढाच बोजा कमी करायचा असंल.

गाडी परत मांडवात आली. बँडवाल्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यांनी परत वाजवायला सुरुवात केली. दार उघडलं. आत हिंदुरावांची चप्पल होती.

मांडवात रडारड सुरू झाली. आता नवरदेव तर नाहीच, पण नवरीचा बापही नाही आणि भटजीही नाही. वैजयंताची आई कपाळाला हात लावून बसली. बायका म्हणाल्या, हे लग्न काही होत नाही.

तेव्हा वैजयंताच उठली. नऊवारी खोचली, दोन्ही हार घेतले आणि तरातरा येऊन व्हॅनमध्ये बसली.

"चल," ती म्हणाली.

"कुठं, वैनी?"

"देवळाकडं. देऊळ आलं की गाडी थांबवायची. तोच मुक्काम. आणि एक ध्यानात ठेव. तू सगळ्यांना उतरवलंस, मला उतरवायचं न्हाय. काय बी झालं तरी मला उतरवायचं न्हाय. कळलं?"

"कळलं. काय बी झालं तरी वैनीला उतरवायचं न्हाय."

भैरूनं हे पक्कं ध्यानात ठेवलं.

वैजयंता ती केवढी! गाडीला ती बसल्याचं कळलंसुद्धा नाही. गिअर लगेच पडला. मागून टेंपोत दाटीवाटीनं वऱ्हाड आलं. देवळापाशी हिंदुराव आणि भटजी तोवर घाट उतरून पोचले होते. हिंदुराव एका पायानं अनवाणी होते. जालिंदर आणि मामा पारावर बसले होते. गाडी देवळापाशी आली आणि खरोखर थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वैजू, उतर लवकर!" भटजी म्हणाले. "मुहूर्त आला!"

भैरू दाराला पाठ लावून उभा राहिला. "उतरवायचं न्हाय."

"कोण म्हणतं?"

"वैनीच म्हणाल्या."

आतून वैजयंता म्हणाली, "आरं, आता उतरव! आता झालं!"

"आधी काय म्हणालात, वैनी? काय बी झालं तरी. मग हे काय बी झालंच की!"

पलीकडचं दार देवळाच्या भिंतीला लागलेलं. अलीकडच्या दाराची आतली कडी केव्हाच तुटलेली होती, दार बाहेरूनच उघडायचं. आणि बाहेर भैरू होता. हिंदुराव त्याच्या अंगावर धावणार, तेवढ्यात भटजी ओरडले, "भांडण मग करा! मुहूर्त चाललाय! खिडकीतून होऊ द्या!"

खिडकीत अंतरपाट म्हणून मामांचं उपरणं धरलं. आत नवरी बसलेली, बाहेर नवरदेव वाकून उभा. भटजींनी मंगलाष्टकं म्हटली. अक्षता पडल्या, त्यातल्या निम्म्या टपावर वाजल्या. वैजयंतानं खिडकीतून हार घातला. जालिंदरनं हार घालायला मान आत घातली, ती बाहेर निघेना. मामांनी आणि हिंदुरावांनी धरून ओढली. पण लग्न लागलं. वेळेवर लागलं. हिंदुरावांनी तेवढ्यात डोळेसुद्धा पुसले. भटजींनी खिडकीतूनच वैजयंताच्या पदराची आणि जालिंदरच्या शेल्याची गाठ मारली. गाठ अशी घट्ट मारली, की सात जन्म सुटायची नाही.

"चला आता, घरी अक्का वाट बघत असंल," म्हणून भैरू जागेवर बसला आणि त्यानं दांडा 'डी'वर टाकला. पुढं रस्ता सपाट आणि गाडीत बोजा नाही. गिअर पटकन पडला.

गाठ मात्र बांधलेली होती. वैजयंताचा पदर आत, जालिंदरचा शेला बाहेर, आणि जालिंदर शेल्याला.

"भैरू, थांब! ते बाहेर हाईत!" वैजयंता ओरडली.

"मुक्कामाला थांबतो, वैनी!"

जालिंदर धावायला लागला. बिचारा तालमीतला गडी म्हणून निभावलं. खिडकीला धरून, फेटा सावरत, तो गाडीबरोबर धावत होता. वैजयंता आतून त्याला पदरानं वारा घालत होती. वाटेतली माणसं बांधावर उभी राहून बघत होती. एक म्हातारी म्हणाली, "किती माया बघा, गाडीत बसाय बी तयार न्हाय, नवरीच्या शेजारनं धावतोय."

घरासमोर अक्कानं आपली खाट ओट्यावर आणवली होती. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवलं होतं. बाजूला आरतीचं ताट. गाडी आली. जालिंदर धापा टाकत टपाला टेकला. अक्कानं त्याच्याकडं बघितलं, गाडीतल्या सुनेकडं बघितलं आणि दोन्ही हात पुढं केले.

"ये गं बाई माझी. उतर. भैरू, उतरव वैनीला."

"न्हाय, अक्का. वैनीला उतरवायचं न्हाय."

"का?"

"वैनीच म्हणाल्या. काय बी झालं तरी."

"आरं मुडद्या, माप वलांडाय नगं का? माप वलांडल्याबिगर सून घरात कशी यायची?"

"पर उतरवायचं न्हाय."

अक्कानं दोन्ही हात जोडले. पायाची कळ डोक्यात गेली होती. ती ओरडली, "नगं उतरवूस बाबा! तशीच आण आत! पर उजवं पाऊल आधी पडू दे आणि मापाला लागू दे! शकुन हाय त्यो!"

"तशीच आणू?"

"तशीच आण!"

भैरूनं हे पक्कं ध्यानात ठेवलं. तो जागेवर जाऊन बसला. गाडी थोडी मागं घेतली. नीट नेम धरला.

"भैरू? आरं, काय करतूयास?" अक्का म्हणाली.

भैरूनं दांडा 'डी'वर टाकला. झटका बसला. पहिला पडला, दुसरा पडला, आणि अक्काकडं आल्यापासून कधी पडला नव्हता तो तिसराही पडला. ज्या अक्काचा पाय जमिनीला लावायचा नव्हता, तिनं ओट्यावरून जी उडी मारली ती शेजाऱ्याच्या गोठ्यात. माप उडालं. तांदूळ आढ्याला लागले. दार गेलं, चौकट गेली, चौकटीवरचा गणपती तेवढा मामांच्या ट्रंकेवर अलगद बसला. कारण देवळापाशी भैरूनं ट्रंक आठवणीनं गाडीच्या टपावर टाकली होती. गाडी पुढची खोली ओलांडून थेट स्वयंपाकघरात जाऊन थांबली. गाठीनं बांधलेला जालिंदरही मागोमाग आत आला, म्हणजे जोडीनंच आला.

धूळ खाली बसली. तांदूळही हळूहळू खाली बसले. शेजाऱ्यांच्या खांद्याला धरून अक्का परत आली आणि दार होतं तिथं उभी राहिली.

भैरू उतरला. अंगावरचे तांदूळ झटकले आणि अक्काकडं बघून हसला.

"शकुनाला धक्का न्हाय हं, अक्का. उजवं चाकच आधी टाकलंय."